ब्रेकखाली जळणारे डिझेल

समजा, नगर तालुक्यातील एकाच गावातून एकाच सकाळी दोन पिकअप गाड्या निघाल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. दोन्हींत कांद्याच्या सव्वीस-सव्वीस गोण्या, आणि दोन्हींना जायचे आहे घोडेगावच्या कांदा बाजाराला. जेऊर, इमामपूर घाट, पांढरीपूल असा छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा तोच रस्ता, तीच वाहतूक, तेच गतिरोधक. संध्याकाळी दोन्ही गाड्या परत आल्या आणि टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या, तर एका गाडीला दुसरीपेक्षा लिटर-दीड लिटर डिझेल जास्त लागले! इंजिन सारखे, ओझे सारखे, अंतर सारखे. मग हे डिझेल गेले कोठे?

गाडीवाल्यांना विचारले तर ते हसून म्हणतील, "पाय ज्याचा त्याचा." हे उत्तर अगदी बरोबर आहे. मात्र पायाने नेमके काय होते हे भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर थोडा हिशोब मांडावा लागेल. हा हिशोब नववी-दहावीच्या पुस्तकातील सूत्रांनी पुरा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या जिल्ह्यात, कांदा, दूध, टोमॅटो, भाजीपाला यांतील फार मोठा भाग अशाच लहान मालगाड्यांतून बाजाराला जातो. शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते तेव्हा हमाली, तोलाई वजा झालेली असते आणि गाडीभाडे त्याला वेगळे द्यायचे असते. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते, म्हणून भाडे घेणाऱ्यालाही हप्ता चुकत नाही. भाव पडलेला असतो त्या दिवशी या दोघांच्याही दृष्टीने लिटरभर डिझेल ही लहान गोष्ट नसते.

आता एका लिटरमध्ये असते तरी काय ते पाहू. एक लिटर डिझेल पूर्ण जळाले म्हणजे सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आकडा मोठा वाटतो, पण मोजायला आपल्या ओळखीचे माप घेऊ. एक धडधाकट मजूर दिवसाचे आठ तास कष्ट करतो, तेव्हा त्याच्या हातून सुमारे २० ते २२ लाख ज्यूल एवढे काम होते. म्हणजे एका लिटरच्या बाटलीत सोळा-सतरा मजुरांचे दिवसभराचे कष्ट भरून ठेवलेले आहेत! दुर्दैवाने ते सगळे आपल्या कामी येत नाहीत. जवळजवळ एक-तृतीयांश उष्णता धुराबरोबर निघून जाते, तेवढीच रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून हवेत जाते. उरलेल्या भागातून इंजिनाचे आतले घर्षण, गिअर, धुरा यांचा वाटा वजा केला की चाकापर्यंत पोहोचते ती साधारण एक कोटी ज्यूल. पुढच्या सगळ्या हिशोबासाठी हा आकडा लक्षात ठेवा: एक लिटर डिझेल म्हणजे चाकाशी एक कोटी ज्यूल.

यावरून कोणी डिझेल इंजिनाला नावे ठेवू नयेत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. त्या काळची वाफेची इंजिने यापेक्षा कितीतरी मागे होती. डिझेलची युक्ती सायकलच्या पंपाने समजते. पंपाचे तोंड दाबून दट्ट्या जोरात रेटला की पंप गरम होतो. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो ठिणगीवाचून पेटतो. पेट्रोल इंजिनातली हवा इतकी दाबता येत नाही. जितके दाबणे अधिक, तितकी उष्णतेतून कामाची वसुली अधिक. आजची चांगली डिझेल इंजिने अनुकूल स्थितीत ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. 'अनुकूल स्थितीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांच्याकडे पुन्हा वळू.

एका ब्रेकची किंमत

आपली भरलेली पिकअप, म्हणजे गाडी, माल आणि चालक मिळून ३००० किलोग्रॅम धरू. ती ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. हा वेग सेकंदाला सुमारे १६.७ मीटर होतो. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला माहीत आहे: वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल. ही ऊर्जा कोठून आली? टाकीतल्या डिझेलमधून. चाकाशी एक कोटी ज्यूल मिळायला एक लिटर लागते, तर एवढ्या ऊर्जेला सुमारे ४२ मिलिलिटर लागले. चहाच्या छोट्या कपात अर्ध्यावर येईल एवढे डिझेल गाडीच्या वेगाच्या रूपाने साठलेले आहे.

पुढे गावाचा गतिरोधक दिसला. चालकाने शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि मग ब्रेकवर पाय देऊन वेग ताशी २० वर आणला. वेग एक-तृतीयांश झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती एक-नवमांशच उरली. नऊपैकी आठ हिस्से, म्हणजे ३ लाख ७० हजार ज्यूल, ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन गेले. एवढ्या उष्णतेने लिटरभराहून थोडे अधिक पाणी उकळीला आले असते. डिझेलच्या मापात हे ३७ मिलिलिटर. गतिरोधक ओलांडला की तेवढेच डिझेल नव्याने घालून पुन्हा साठचा वेग मिळवायचा!

इंजिन डिझेल जाळते हे सर्वांना दिसते. ब्रेकही डिझेल जाळतो, फक्त ते आधीच जळून वेगाच्या रूपाने साठलेले असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. टाकीतून वेगात गेलेली ऊर्जा परत टाकीत घालण्याची सोय साध्या डिझेल गाडीला नाही. विजेच्या गाडीत ती थोडीफार आहे. तेथे गाडी थांबवताना मोटरच जनित्र होऊन बॅटरी भरते. आपल्या पिकअपला मात्र ब्रेक हा एकेरी रस्ता आहे.

मग उपाय काय? गतिरोधक चुकवता येत नाही आणि तो सावकाश ओलांडलाच पाहिजे. शाळेसमोरचा तर हमखास. परंतु तो दिसतो तीनशे मीटरांवरून. त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी गिअरमध्येच राहू दिली, तर वाऱ्याचा रोध, टायरचा रोध आणि इंजिनाची ओढ मिळून तीनशे मीटरांत वेग साठवरून चाळीसच्या आसपास आणतात. उरलेले काम ब्रेकच्या हलक्या स्पर्शाने होते. ही तीनशे मीटर गाडी फुकट चालली. त्यांत वाचते ते सुमारे १६ मिलिलिटर. क्षुल्लक वाटेल. पण नगर ते घोडेगाव या सुमारे ३५ किलोमीटरांत गावे, फाटे, गतिरोधक, उसाच्या गाड्या, थांबणाऱ्या एस.टी. असे धीमे होण्याचे पंधरा प्रसंग आले असे धरा. पंधरा वेळा सोळा, म्हणजे २४० मिलिलिटर. एका फेरीत जवळजवळ पाव लिटर, आणि तेही वेळ फारसा न गमावता.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. गळीत हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला असेल, तर त्याच्या अगदी मागे चिकटून चालणारा चालक दर मिनिटाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असा खेळ करत राहतो. अंतर राखून चालणाऱ्याला ब्रेक लागतच नाही. सुरक्षिततेसाठी सांगितलेला अंतराचा नियम डिझेलच्या हिशोबातही तोच निघतो.

वाऱ्याचा वाटा आणि नऊ मिनिटे

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडीला दोन विरोधक असतात. पहिला टायरचा. रस्त्यावर टेकलेला टायरचा भाग सतत दबतो आणि सुटतो, आणि रबर असे मळले जाताना तापते. चांगल्या डांबरी रस्त्यावर आणि हवा बरोबर भरलेली असताना हा रोध गाडीच्या वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढा, आपल्या गाडीला सुमारे ३०० न्यूटन असतो. वेग वाढला म्हणून तो फारसा वाढत नाही. टायरातली हवा मात्र पाचव्या हिश्श्याने कमी असली तर इंधनाचा खर्च दोन-तीन टक्क्यांनी चढतो, आणि टायर कडांनी झिजतो तो वेगळाच.

दुसरा विरोधक वारा. त्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गोण्यांचा ढीग टपाच्या वर गेलेली, वर ताडपत्री फडफडणारी पिकअप म्हणजे वाऱ्यापुढे धरलेली भिंतच. ताशी ६० वर वाऱ्याचा रोध सुमारे २३० न्यूटन धरला तर ताशी ८० वर तो ४१० न्यूटन होतो. दोन्ही विरोधक मिळवा: ६० वर ५३० न्यूटन, ८० वर ७१० न्यूटन. काम म्हणजे बल गुणिले अंतर. ३५ किलोमीटरांचा गुणाकार केला तर ६० च्या वेगाला सुमारे १.८५ लिटर आणि ८० च्या वेगाला सुमारे २.५ लिटर डिझेल येते. साडेसहाशे मिलिलिटरच्या जवळपास फरक! आणि वेळ किती वाचला? ६० च्या वेगाने ३५ मिनिटे लागतात, ८० च्या वेगाने २६. वाचलेली नऊ मिनिटे बाजाराच्या दारातील गाड्यांच्या रांगेत किती टिकतात ते सांगायला नकोच.

ताडपत्रीचा उल्लेख आलाच आहे तर एवढे सांगतो की ती घट्ट बांधणे आणि ओझे शक्य तेवढे टपाच्या उंचीत बसवणे यांनीही हा २३० चा आकडा खाली येतो. रिकाम्या परतीच्या फेरीत सैल ताडपत्री तशीच उडत ठेवणारे चालक वाऱ्याला भाडे देत असतात.

आता वेगाचा हिशोब ब्रेकच्या हिशोबाला जोडून पाहा. जो ८० ने येतो आणि प्रत्येक गतिरोधकाशी २० वर उतरतो, तो दर वेळी ३७ ऐवजी सुमारे ६९ मिलिलिटर ब्रेकखाली घालवतो. पंधरा वेळचे एक लिटर! त्याच्या एका फेरीचा कागदावरील खर्च साडेतीन लिटर होतो. ६० ने जाऊन वेळेवर पाय उचलणाऱ्याचा सव्वादोन लिटरांच्याही आत राहतो. कागदावरील म्हणण्याचे कारण असे की पंधरा ठिकाणी अडणाऱ्या रस्त्यावर कोणालाच सतत ८० चा वेग मिळत नाही. घाटाचा चढउतार, वाहतूक आणि वारा यांचाही परिणाम होतो. म्हणून प्रत्यक्षातील फरक याहून लहान असतो. चालवण्याची सवय सुधारली तर साधारण दहा-पंधरा टक्के डिझेल वाचते, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. रोज शंभर-दीडशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे प्रमाण महिन्याला किती लिटर आणि किती रुपये होते, तो गुणाकार गावातील पंपावरचा भाव घेऊन तुम्हीच करा.

वेगमर्यादेतून इंधन वाचवण्याची कल्पना काही नवी नाही. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. तेव्हा मोटारींचे माहेरघर असलेल्या अमेरिकेनेही १९७४ साली साऱ्या देशात ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, एवढीच कमाल मर्यादा घातली. ती १९९५ पर्यंत या ना त्या रूपात होती. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली, आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा तिचा जुना सल्ला अनेक पेट्रोल पंपांवरच्या फलकांवर लोकांनी वाचला असेल. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, त्यामुळे हा सल्ला जुना झाला तरी शिळा झालेला नाही.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की वेग कमी केल्याने रोध कमी होतो, तर मग ताशी २० नेच का जाऊ नये? तर इंजिन स्वतःला फिरते ठेवण्यासाठीही डिझेल खाते. फार सावकाश गेल्यास खालचा गिअर लागतो, तेवढ्याच अंतराला इंजिनाचे फेरे कितीतरी जास्त होतात आणि त्यांचे घर्षण भरून काढण्यातच डिझेल जाते. म्हणून वरचा गिअर आरामात पेलेल असा मध्यम वेग सर्वांत स्वस्त पडतो.

इंजिनाचे फेरे

गिअरचे कोडे सायकलने सोडवू. सायकलच्या पायडलवर एक फेरा मारला की पाय एकदा वर-खाली होतो; ओझे असो वा नसो, पाय हलवण्याचे कष्ट होतातच. इंजिनाचेही तसेच. प्रत्येक फेऱ्यात दट्टे, कड्या, झडपा, पंप या सर्वांचे घर्षण ठरलेले. तेच अंतर कमी फेऱ्यांत कापले तर हा खर्च कमी. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर पण चांगल्या ओझ्याखाली असते, तेव्हाच त्याची कार्यक्षमता चढती असते. मघाशी म्हटलेली अनुकूल स्थिती ती हीच. मिनिटाला साधारण दीड ते दोन हजार फेरे हा बहुतेक पिकअपच्या इंजिनांचा सुखाचा पट्टा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत ताणणाऱ्याने तो केव्हाच ओलांडलेला असतो.

म्हणून थांब्यावरून निघताना गिअर लवकर वर न्यावेत, पण अतिरेक नको. इंजिन धडधडू लागले, गाडी हिसके देऊ लागली, की गिअर फार वर गेला असे समजावे. इमामपूर किंवा करंजीचा घाट चढताना खालचा गिअर घेण्यात कमीपणा नाही. चढणीची ऊर्जा तर कोणालाच चुकत नाही: ३००० किलोग्रॅम शंभर मीटर उंच न्यायला सुमारे २९ लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ ३०० मिलिलिटर डिझेल लागतेच. ती ऊर्जा वाया मात्र जात नाही. स्थितिज ऊर्जा म्हणून साठून राहते, आणि उतारावर तिचे काय करायचे हे पुन्हा चालकाच्या पायावर अवलंबून असते.

ॲक्सिलरेटर एकदम खालपर्यंत दाबला की मागून काळा धूर निघतो, तो कशाचा? फवारा वाढतो पण तेवढी हवा अजून आत आलेली नसते. डिझेलमधील कार्बन अर्धवट जळून काजळी होते. म्हणजे विकत घेतलेले इंधन डोळ्यांदेखत रस्त्यावर पसरते आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जाते. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर तुंबल्यानेही हेच होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर आलेल्या गाड्यांतून काळा धूर दिसत नाही, कारण काजळी गाळणीत अडकते. परंतु ती गाळणी साफ करण्यासाठी अधूनमधून जादा डिझेल जाळून तिच्यातील काजळी जाळावी लागते. तेव्हा धूर दिसेनासा झाला म्हणून दांडगाई फुकट झाली असे नाही.

उतारावरचा न्यूट्रल

आता एका फार जुन्या समजुतीकडे येऊ. उतार लागला की गाडी न्यूट्रलवर सोडायची, काही जण तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. डिझेल वाचते म्हणतात. ही समजूत केवळ चुकीची असती तरी चालले असते. ती माणसे मारते.

प्रथम डिझेलचे पाहू. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि उतार आहे. अशा वेळी इंजिन गाडीला चालवत नाही. चाकेच इंजिनाला फिरवतात. फेरे भरपूर आहेत आणि मागणी शून्य आहे, असे दिसताच इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो. जुन्या पंपात हे काम गव्हर्नर करतो, नव्या गाडीत संगणक. म्हणजे गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला डिझेलचा एक थेंबही लागत नाही! उलट न्यूट्रल केल्यावर इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. ते बंद पडू नये म्हणून त्याला सतत थोडे थोडे डिझेल द्यावेच लागते. घाटासारख्या उतारावर न्यूट्रलने बचत न होता खर्चच होतो. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलची गाडी थोडी लांबवर घरंगळते हे खरे आहे, आणि या समजुतीचा जन्म बहुधा तेथलाच असावा. पण त्या चमचाभर डिझेलसाठी काय पणाला लागते ते पाहा.

शंभर मीटर उतरताना आपल्या गाडीच्या स्थितिज ऊर्जेचे २९ लाख ज्यूल कोठेतरी जिरलेच पाहिजेत. गिअरमध्ये असताना त्यांतला मोठा वाटा इंजिन गिळते. न्यूट्रलमध्ये जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. साठच्या वेगाच्या सात थांब्यांएवढी उष्णता दोन-तीन मिनिटांत! लायनर तापले की त्यांची पकड कमी होते, पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केलेले असेल तर आणखी भयंकर. पिकअपच्या ब्रेकला मदत करणारी निर्वात पेटी इंजिनावर चालणाऱ्या पंपाने रिकामी होत असते. इंजिन बंद झाल्यावर तिच्यात दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते, आणि चावी जास्त फिरली तर ते कुलूपबंद होण्याचा धोका असतो. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरने उतरावे, असे जुने ट्रकचालक शिकाऊ मुलांना सांगत, त्यात हे सारे शास्त्र आले.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पिकअपचे इंजिन नुसते घुरघुरत राहिले तरी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल खाते. लिलावासाठी दोन तास रांगेत उभे राहून इंजिन चालू ठेवले, तर वाटेत पाय उचलून वाचवलेले सगळे तेथेच गेले. सकाळी गाडी तापवण्यासाठी दहा मिनिटे उभी चालू ठेवण्याचीही गरज नाही; अर्ध्या-एक मिनिटानंतर हळू चालवत नेली की इंजिन ओझ्याखाली लवकर तापते. टर्बो असलेली गाडी घाट चढून आल्यावर मात्र बंद करण्यापूर्वी अर्धा मिनिट चालू ठेवणे योग्य.

मोजून पाहा

या विषयाला आपल्या जिल्ह्यात एक मोठे घर आहे. नगरजवळ वाहननगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची 'व्हीआरडीई' ही वाहन संशोधन संस्था आहे. सैन्याच्या वाहनांवर ती काम करतेच, शिवाय नव्या वाहनाचा नमुना ज्या संस्थांकडून तपासून घ्यावा असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, त्यांच्या यादीत तिचे नाव आहे. याच नगरला सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. (रणगाड्याला लिटरमागे किती किलोमीटर असे विचारून चालत नाही, किलोमीटरमागे किती लिटर असे विचारावे लागते!)

वाहनांच्या चाचणीत रोध मोजण्याची एक सुंदर रीत आहे. सपाट, मोकळ्या चाचणीमार्गावर गाडी ठरावीक वेगाला नेतात, न्यूट्रलवर सोडतात आणि तिचा वेग किती वेळात किती उतरतो हे नोंदतात. वेग जितका हळू उतरेल तितका रोध कमी. न्यूट्रलचा हा एक रास्त उपयोग, आणि तो चाचणीमार्गावरच शोभतो. हीच चाचणी तुम्ही शाळेच्या मैदानावर सायकलने करू शकता. खडूने एक रेघ ओढा. मित्राने रेघेपर्यंत ठरलेल्या वेगाने यावे; त्यासाठी रेघेआधीचे वीस मीटर पाच सेकंदांत कापायचे असे ठरवा. रेघेवर पायडल थांबवावे आणि सायकल जेथपर्यंत घरंगळेल तेथे खूण करावी. प्रथम टायरात हवा कमी ठेवून पाच वेळा, मग हवा नीट भरून पाच वेळा. त्यानंतर तोच मित्र एकदा ताठ बसून आणि एकदा हँडलवर वाकून. वाकण्याचा फरक या मंद वेगाला फारसा जाणवणार नाही. का, ते वाऱ्याच्या रोधाचा नियम आठवून सांगा. वारा कोणत्या दिशेने आहे ते वहीत लिहायला विसरू नका, आणि दोन्ही दिशांनी प्रयोग करून सरासरी घ्या.

घरी किंवा शेजारी पिकअप असेल तर तिचे ॲव्हरेज मोजण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे. टाकी पंपाच्या नळाचा खटका पडेपर्यंत भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवू द्यायची. पुन्हा त्याच पंपावर, शक्य तर त्याच नळावर, खटका पडेपर्यंत भरायची. भरलेल्या लिटरांनी धावलेल्या किलोमीटरांना भागले की ॲव्हरेज आले. दुसऱ्या आठवड्यात चालकाला एकच गोष्ट सांगायची: अडथळा दिसताच पाय उचला. बाकी काहीही बदलायचे नाही. एकाच वेळी टायरची हवा, वेग आणि गिअर असे सगळे बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. पंचवीस-तीस लिटरांहून कमी भरणा झाला असेल तर निष्कर्ष काढू नये, कारण खटका थोडा अलीकडे-पलीकडे पडल्यानेही एवढ्या लहान मापात दोन-तीन टक्क्यांची चूक सहज होते. आणि प्रत्येक फेरीपुढे गोण्या किती होत्या, परतताना गाडी रिकामी होती की भरलेली, एवढे दोन रकाने वहीत असावेत. ते नसतील तर दोन आठवड्यांची तुलना करता येणार नाही.